डॉइच, डच, डाउट्स: एका शब्दाची वाटणी

नेदरलँड्सच्या राष्ट्रगीतात पहिल्याच कडव्यात ऑरेंजचा विल्यम, म्हणजे स्पेनच्या राजाविरुद्धच्या बंडाचा नेता, सांगतो, की मी ‘डाउट्स’ रक्ताचा. आजच्या डच भाषेत डाउट्स म्हणजे जर्मन. त्यामुळे जर्मनीविरुद्ध फुटबॉलचा सामना असला, की नारिंगी जर्सीतले अकरा जण आधी समोरच्या संघाशी रक्ताचं नातं सांगतात आणि मग त्याच्यावर तुटून पडतात. ओळ बदला, असं अधूनमधून कुणी ना कुणी म्हणतं. ओळ जागच्या जागी आहे, आणि माझ्या मते ती तशीच राहावी.

मुळात हा शब्द कुठल्याच देशाचा नव्हता. जुन्या जर्मॅनिक बोलींत ‘थेउदो’ म्हणजे लोक, जमात. त्याचं विशेषण झालं तेव्हा अर्थ झाला ‘लोकांचं’, ‘आपल्यातलं’. आइसलँडमध्ये ‘थ्योद’ म्हणजे आजही राष्ट्र. लिथुआनियनमधला ‘ताउता’ त्याच कुळातला. लॅटिनमध्ये लिहिणाऱ्या पाद्र्यांनी त्याचं ‘थिओदिस्कुस’ केलं आणि लॅटिन नसलेल्या लोकभाषेला ते नाव लावलं. आपल्याकडे संस्कृतसमोर प्राकृत उभी राहते, साधारण तसंच. ७८६ मध्ये इंग्लंडमधल्या धर्मसभांचा वृत्तान्त पोपकडे गेला. ठराव लॅटिनमध्ये आणि ‘थिओदिस्के’ वाचून दाखवले, असं त्यात लिहिलं आहे. म्हणजे आज जर्मनांचं नाव असलेला हा शब्द लॅटिन कागदात पहिल्यांदा सापडतो तो इंग्रजांच्या बोलीसाठी. दोनच वर्षांनी, ७८८ मध्ये, बव्हेरियाच्या ड्यूकवर सैन्य सोडून गेल्याचा ठपका ठेवला गेला, तेव्हा फ्रँक दरबारच्या नोंदीत या गुन्ह्याचं नाव ‘थिओदिस्क भाषेत’ दिलं आहे. ८१३ च्या तूरच्या धर्मसभेने प्रवचनं रोमन लोकभाषेत किंवा थिओदिस्कमध्ये समजतील अशी करावीत असं ठरवलं. पुढे लेखनिकांना जुन्या रोमन ग्रंथांत ट्यूटन नावाची जमात सापडली, तिचं नाव कानाला जवळचं वाटलं, आणि ‘ट्यूटॉनिक’ हे नसतं प्रकरण त्यातून निघालं.

त्यानंतरची काही शतकं भराभर ओलांडायला हरकत नाही. प्रत्येक प्रदेशाने शब्द आपापल्या तोंडाने घडवला: जर्मनमध्ये डॉइच, नेदरलँड्सच्या बाजूला डाउट्स आणि डीट्स, इटालियनमध्ये तेदेस्को, स्वीडिशमध्ये ट्युस्क. ऱ्हाईनच्या मुखापासून आल्प्सपर्यंत कुणालाही भाषा विचारली, तर उत्तर याच शब्दाच्या एखाद्या रूपात आलं असतं. फरक सांगायचाच झाला तर वरच्या मुलखातली आणि खालच्या मुलखातली, एवढाच.

खरी गुंतागुंत सोळाव्या शतकात आहे. डच भाषेचं पहिलं छापील व्याकरण १५८४ चं, आणि त्याच्या शीर्षकात भाषेचं नाव आहे ‘नेडरडाउट्स’, म्हणजे खालच्या मुलखातली डाउट्स. १६३७ च्या सरकारी बायबलच्या मुखपृष्ठावर मात्र ‘नेडरलँड्स’ भाषा असा उल्लेख येतो. दोन्ही नावं पुढे बराच काळ शेजारी शेजारी नांदली. सीमेपलीकडे जर्मनीत ‘नीडरडॉइच’ म्हणतात ते उत्तरेकडच्या प्लाट बोलींना. शब्द अक्षरशः तोच, भाषा वेगळी. जुने कागद वाचताना इथे हमखास फसगत होते.

राष्ट्रगीताची ओळ याच काळातली, साधारण १५६८ ते १५७२ मधली. विल्यमचा जन्म १५३३ चा, डिलनबुर्गचा. ते गाव आजच्या जर्मनीत येतं. म्हणून एका बाजूचं म्हणणं असं, की तो आपल्या नासाऊ घराण्याचं मूळ सांगतो आहे, बाकी काही नाही. दुसरी बाजू म्हणते, ज्या लोकांसाठी तो लढत होता, ते स्वतःच्या भाषेला डाउट्सच म्हणत. तेव्हा ‘मी तुमच्यातलाच आहे, स्पॅनिश नाही’ असा त्याचा रोख आहे. त्याच कडव्याच्या शेवटी ‘स्पेनच्या राजाचा मी नेहमीच मान राखला’ अशीही कबुली आहे, हे दोन्ही बाजू भांडताना सोयीने बाजूला ठेवतात. मला हा वादच उलटा वाटतो. जर्मन की डच, हा प्रश्न त्या काळच्या माणसाला विचारला असता, तर त्याला तो कळलाच नसता. दोन देश आणि दोन प्रमाणभाषा पक्क्या व्हायच्या होत्या. नेदरलँड्सच्या प्रजासत्ताकाला मान्यता मिळाली ती १६४८ मध्ये.

शिवाय ओळ जुनी असली तरी तिला अधिकृत केलं ते १९३२ मध्ये. त्याआधीचं गीत ‘नेदरलँड्सचं रक्त’ आणि ‘परक्या डागांपासून मुक्त’ असली भाषा करणारं होतं. ते गेलं हे बरंच झालं. नव्या निवडीवर समाजवादी खूष नव्हते. त्यांना हे ऑरेंज राजघराण्याचं गाणं वाटत होतं. ‘डाउट्स’ऐवजी त्याचंच जुनं रूप ‘डीट्स’ म्हणावं, म्हणजे घोटाळा मिटेल, ही सूचना वरवर शहाणपणाची दिसते. पण त्याच दशकात फ्लँडर्स (बेल्जियमचा डच बोलणारा भाग) आणि नेदरलँड्समधल्या उजव्या, फॅसिझमकडे झुकलेल्या संघटनांनी ‘डीट्स’ हा शब्द आपल्या झेंड्यावर घेतला. महायुद्ध संपेपर्यंत तो पुरता बाटला. म्हणजे पर्याय मूळ शब्दापेक्षा जास्त अडचणीचा निघाला.

इंग्रजीत याच शब्दाचं रूप डच, आणि १६०० च्या सुमारास डच म्हणजे दोन्ही: ‘हाय डच’ म्हणजे जर्मन, ‘लो डच’ म्हणजे हॉलंडकडचे. समुद्रावर इंग्रजांची गाठ रोज पडायची ती दुसऱ्यांशी. १६५२ ते १६७४ मध्ये त्यांच्याशी तीन युद्धं झाली आणि शब्द त्यांनाच चिकटला. जर्मनांना ‘जर्मन’ हे लॅटिनमधून आलेलं नाव मिळालं. इंग्रजीतले डचांना टोमणे मारणारे वाक्प्रचार याच वैराच्या वातावरणात फोफावले.

मराठीत हा शब्द आला तो इंग्रजीच्या वाटेने, आणि फार उशिरा. वेंगुर्ल्याला वखार घालणाऱ्या लोकांना आपण वलंदेज म्हणत होतो. आज्ञापत्रात फिरंगी, इंग्रज, फरांसीस यांच्या रांगेत वलंदेज उभे आहेत. ते नाव पोर्तुगीजांकडून घेतलेलं, हॉलंडवरून. इंग्रजी अमलात वलंदेज मागे पडला, डच रूढ झाला. (जर्मन शब्दाने तर आपल्याकडे थेट स्वयंपाकघर गाठलं. अल्युमिनियमच्या पातेल्याला जर्मनचं पातेलं म्हणणारी घरं अजून आहेत.)

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात जर्मन वसाहत सुरू झाली १६८३ मध्ये, आणि अठराव्या शतकात ऱ्हाईनकाठचे हजारो शेतकरी तिथे उतरले. त्यांना आजही ‘पेनसिल्व्हेनिया डच’ म्हणतात. ते स्वतःला ‘डाइच’ म्हणायचे, इंग्रजांनी चुकून डच ऐकलं, ही गोष्ट लोकप्रिय आहे, पण तिची गरज नाही. त्या काळच्या इंग्रजीत जर्मनही डचच होते. त्यांच्यातले आमिश, म्हणजे जुन्या पद्धतीने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचे लोक, घरात अजून डाइच बोलतात, आणि आमिश नसलेल्या शेजाऱ्याला, मग त्याचे आजोबा इटलीहून आलेले असोत की हॅम्बुर्गहून, सरसकट ‘इंग्लिश’ म्हणतात.