किती खायचं हे पोटाऐवजी तक्ता कधीपासून ठरवायला लागला

स्वीडिश भाषेत डाएट करण्याला 'बान्ता' म्हणतात आणि हा शब्द चक्क एका माणसाच्या आडनावावरून आलाय. विल्यम बँटिंग, लंडनमधला अंत्यविधीची व्यवस्था करून देणारा व्यावसायिक. त्याचं वजन काही केल्या उतरत नव्हतं, मग एका डॉक्टरने त्याला ब्रेड, साखर, बिअर, बटाटा बंद करायला सांगितलं, वजन उतरलं, आणि १८६३ मध्ये त्याने स्वतःचा हा अनुभव पुस्तिका छापून लोकांना सांगितला. ती इतकी खपली की इंग्रजीतही 'बँटिंग करणं' म्हणजे डाएट करणं असा अर्थ रूढ झाला. जपून खा, कमी खा हे सल्ले त्याआधीही होतेच की, पण एका माणसाला लागू पडलेली यादी जशीच्या तशी हजारो लोकांनी उचलावी ही सवय मला वाटतं तिथून पक्की झाली.

हे सगळं खणून काढायचं कारण म्हणजे डाएट सोडा, भुकेचं ऐका (यालाच आता 'इंट्युइटिव्ह ईटिंग' म्हणतात) असं कोणी म्हटलं की लगेच 'हे काय नवीन फॅड' असं ऐकू येतं. आणि दुसरं कारण जास्त जवळचं आहे. मी स्वतः कितीतरी वर्षं भूक लागली की आधी आकडा बघायचे, आज किती 'उरलंय', आणि डाएट मोडलं की माझ्यातच काहीतरी कमी आहे असं मनापासून मानायचे. हा इतिहास तेव्हा माहीत असता तर बरीच वर्षं स्वतःला कमी बोल लावले असते.

तर कॅलरी. अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात एक बंदिस्त छोटी खोली तयार केली, तिच्यात माणूस काही दिवस राहायचा, आणि त्याने काय खाल्लं आणि त्याच्या शरीरातून किती उष्णता बाहेर पडली हे मोजलं जायचं. त्याचा हेतू चांगला होता, कामगार कुटुंबांना कमी पैशांत जास्तीत जास्त पोषण कसं मिळेल हे त्याला बघायचं होतं. पण १९१८ मध्ये लुलू हंट पीटर्स या डॉक्टर बाईंनी कॅलरी मोजून वजन कसं उतरवायचं यावर पुस्तक लिहिलं, ते प्रचंड खपलं, आणि लोक ब्रेडची स्लाइस न म्हणता शंभर कॅलरी ब्रेड म्हणायला शिकले. म्हणजे पोट भरावं म्हणून काढलेलं माप पोट मारायला वापरलं जाऊ लागलं, हे मला फार लागतं.

पुढे विमा कंपन्या आल्या. मेट्रोपॉलिटन लाइफने १९४२-४३ मध्ये उंचीप्रमाणे 'आदर्श' वजनाचे तक्ते काढले, तेही कोणाचे, तर विमा परवडणाऱ्या लोकांचे, आणि त्यात बारीक, मध्यम, मोठा असे बांधे होते पण बांधा मोजायचा कसा हे काही नीट ठरलेलं नव्हतं. तरी डॉक्टरांच्या भिंतींवर तेच लागले. बीएमआयचं, म्हणजे वजन आणि उंचीवरून काढतात त्या आकड्याचं पण तसंच, ते सूत्र बेल्जियमच्या केतले नावाच्या खगोल आणि संख्याशास्त्रज्ञाचं, १८३० च्या दशकातलं, त्याला समाजातला 'सरासरी माणूस' शोधायचा होता, एकेका माणसाची तब्येत तपासायची नव्हती. १९९८ मध्ये अमेरिकेत 'जास्त वजन' या गटाची सुरुवात खाली आणून बीएमआय २५ वर ठेवली तेव्हा एका ग्रॅमनेही वजन न वाढता अडीच कोटींहून जास्त लोक त्या गटात आले.

पण या सगळ्यात दोन प्रयोग असे आहेत की ते सावकाश सांगायला हवेत.

पहिला क्लारा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टर बाईंचा, १९२६ पासून. नुकतंच दूध सुटलेल्या बाळांसमोर ताट यायचं, त्यात वेगवेगळ्या वाट्या, असे एकूण तीसेक पदार्थ ठरवलेले होते. शेजारी नर्स हातात चमचा घेऊन गप्प बसायची. बाळाने हात पुढे केला किंवा बोट दाखवलं तरच चमचा भरायचा, बाळाने तोंड उघडलं तरच भरवायचं, आणि 'खा ना', 'छान आहे', 'पुरे आता' यातलं काहीही म्हणायचं नाही. कोणी सकाळी संत्र्याचा रस आणि लिव्हर असं काहीच्या काही खाल्लं, कोणी रात्री अंडी, केळी आणि दूध. एका बाळाला मुडदूस होता, त्याच्या ट्रेमध्ये कॉड माशाच्या तेलाचा ग्लास ठेवलेला असायचा, बरं होईपर्यंत ते बाळ कधी थोडं कधी जास्त तेल आपणहून प्यायलं आणि नंतर त्याने ते सोडून दिलं. १९३९ मध्ये डेव्हिस बाईंनी पंधरा मुलांचं सांगितलं, सगळी छान वाढली होती. पण त्यांनी स्वतःच हेही स्पष्ट केलं की खरी गोम पदार्थांच्या यादीत होती, सगळं साधं आणि ताजं, साखर घातलेलं काहीच नाही. हा भाग लोक सांगताना गाळतात, गाळू नये. काय ठेवायचं हे मोठ्यांनी ठरवलं, किती खायचं हे बाळाने. पुढे १९८० च्या दशकात एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी मुलांच्या जेवणाबद्दल साधारण अशीच कामाची वाटणी मांडली.

दुसरा प्रयोग मिनेसोटा विद्यापीठातला, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, ॲन्सेल कीज यांचा. युद्धात उपाशी राहिलेल्यांना परत कसं खायला घालायचं हे कळावं म्हणून ३६ निरोगी तरुण, ज्यांनी तत्त्व म्हणून शस्त्र उचलायला नकार दिला होता, ते आपणहून तयार झाले. सहा महिने त्यांना दिवसाला सरासरी १५७० च्या आसपास कॅलरी मिळाल्या. हा आकडा परत एकदा वाचा, कारण आज कितीतरी डाएट चार्ट याच्याही खाली असतात आणि त्याला कोणी उपासमार म्हणत नाही. वजन जवळपास पाव भागाने उतरलं, पण त्याहून मोठं डोक्यात झालं. ज्यांना आधी स्वयंपाकात काडीचा रस नव्हता ते पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, घास तोंडात धरून तासतास जेवण लांबवायला लागले, ताटं चाटायला लागले, चिडचिड, थंडी वाजणं, उदास होणं, बोलायला विषय फक्त खाणं. यातल्या एकाही माणसाला कोणी 'हावरट' म्हणणार नाही ना, शरीराला अन्न कमी पडलं की मन अन्नाभोवतीच फिरतं, एवढं सरळ आहे ते. निकाल १९५० मध्ये छापून आले.

तरीसुद्धा त्यानंतरच डाएटचा धंदा खरा फोफावला. १९६३ मध्ये वेट वॉचर्स कंपनी झाली, दर आठवड्याला सगळ्यांनी जमायचं आणि काट्यावर उभं राहायचं.

१९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी एक गोष्ट दाखवली जी डाएट केलेल्या प्रत्येकाला ओळखीची वाटेल. मुलींना चव सांगायच्या निमित्ताने बोलावलं, काहींना आधी मिल्कशेक दिला, काहींना नाही, मग आइस्क्रीम हवं तेवढं. ज्या डाएट करत नव्हत्या त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं, साहजिक आहे, पोट भरलेलं. आणि ज्या एरवी मनाला आवर घालून खायच्या त्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं. आता मोडलंच आहे ना, मग आज खाऊनच घेऊ, उद्यापासून परत सुरू. म्हणजे खा-खा कशाने सुटली, तर नियमाने, आणि आपण औषध म्हणून परत नियमच घेतो.

विरोधही तेव्हापासूनच आहे. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये लोकांनी जमून डाएटची पुस्तकं जाळली, १९७८ मध्ये सुझी ऑरबाख यांनी बायकांचं वजन आणि बायकांवरचं दडपण यांचा संबंध मांडला. १९९२ मध्ये तर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांनीच सांगितलं की उतरवलेलं वजन बहुतेकांचं पाच वर्षांत जवळजवळ सगळं परत येतं.

याच सगळ्यातून १९९५ मध्ये एव्हलिन ट्रायबोली आणि एलिस रेश या दोघी आहारतज्ज्ञांचं 'इंट्युइटिव्ह ईटिंग' हे पुस्तक आलं. त्या आधी लोकांना चार्टच देत होत्या, लोक ते पाळायचे, वजन उतरायचं, परत चढायचं, आणि लोक परत येऊन स्वतःलाच दोष द्यायचे, हे बघून त्या थांबल्या. त्यांची दहा तत्त्वं आहेत, पहिलं डाएटची मानसिकता सोडणं आणि अगदी शेवटचं पोषण, तेही हलक्या हाताने. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, कारण आधी भीती गेली नाही तर पोषणाची माहितीसुद्धा नवा नियमच होऊन बसते. २००६ मध्ये ट्रेसी टिल्का यांनी हे मोजायची प्रश्नावली केली, तेव्हापासून बरेच अभ्यास झाले, त्यात असं खाणाऱ्यांमध्ये खाण्याचे विकार कमी आणि स्वतःच्या शरीराबद्दल समाधान जास्त दिसतं. पण यातले बरेचसे एकाच वेळी विचारलेल्या प्रश्नांवरचे आहेत, त्यामुळे कशामुळे काय झालं हे त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. आणि ज्यांना डायबेटीस आहे किंवा खाण्याचा विकार आहे त्यांनी हे डॉक्टरांना सोबत घेऊनच करावं, विकारात भुकेची जाणीवच बोथट झालेली असते, सुरुवातीला घड्याळ बघूनच जेवावं लागतं.

आणि हो, हे करून किती किलो उतरेल असं विचारलं की आपण परत बँटिंगच्याच पुस्तिकेत गेलो. सगळ्यात जास्त विचारली जाणारी भीती मात्र वेगळी असते, मोकळीक दिली तर मी कधी थांबणारच नाही. मिनेसोटाच्या त्या माणसांनाही अन्न परत मिळालं तेव्हा पोट तुडुंब भरूनही भूक भागत नव्हती, काहींनी एका दिवसात अनेक हजार कॅलरी खाल्ल्या, वजन आधीपेक्षा वर गेलं. मग हळूहळू ते खाली येऊन पूर्वीच्या आसपास थांबलं, कोणी काही न मोजता. जवळपास साठ वर्षांनी त्यांच्यातल्या हयात लोकांना पूर्ण बरं व्हायला किती वेळ लागला असं विचारलं, तर कोणी दोन महिने म्हणालं, कोणी दोन वर्षं.