खऱ्या-खोट्याची पारख मोजायची कशी?

समजा, वीस बातम्यांचे मथळे तुमच्यापुढे ठेवले. दहा खरे, दहा खोटे, सगळे एकत्र मिसळलेले. प्रत्येक मथळा वाचायचा आणि खरा की खोटा, तेवढंच सांगायचं. एका माणसाने सरसकट वीसही मथळ्यांपुढे ‘खोटा’ असं लिहिलं. खोट्या बातम्या ओळखण्यात त्याला दहापैकी दहा गुण मिळतील. तरीही त्याला काहीच पारखता आलेलं नाही, कारण दहा खऱ्या बातम्याही त्याने त्याच फटक्यात झटकून टाकल्या.

खोट्या माहितीला आळा घालण्याच्या उपायांवर गेल्या दहाएक वर्षांत भरपूर संशोधन झालं. त्यातला सगळ्यात अवघड पेच मला या उत्तरपत्रिकेत दिसतो. लोकांना सावध करणं जमतं. पण सावध झालेला माणूस खऱ्यावर तरी विश्वास ठेवतो का, हे तपासायचं राहून जातं. पीएचडीनंतर या विषयात पोस्टडॉक, म्हणजे ठरावीक मुदतीचं पुढचं संशोधन, करू पाहणाऱ्यांसाठी इथेच खूप काम पडून आहे.

मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅकग्वायर यांनी १९६०च्या दशकात एक कल्पना मांडली. रोगाची लस टोचतात, तशी फसव्या युक्तिवादाचीही टोचता येईल. त्याचा सौम्य डोस आधीच द्यायचा, तो खोडायचा कसा हे दाखवायचं, म्हणजे पुढे खरा मारा झाला की मन तग धरतं. केंब्रिज विद्यापीठातल्या सँडर व्हान डर लिंडेन आणि जॉन रोझेनबीक यांनी हीच कल्पना खेळांत आणि छोट्या व्हिडिओंत उतरवली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दीड मिनिटाचे व्हिडिओ यूट्यूबवर जाहिरातीच्या जागी दाखवले होते. भावना भडकवण्यासारख्या क्लृप्त्या ओळखण्याचं प्रमाण त्यामुळे सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास वाढलं. आकडा लहान आहे. पण इतक्या कमी खर्चात असंख्य लोकांपर्यंत पोहोचणारा उपाय म्हणून तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

मग २०२३ मध्ये साउदम्प्टन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी लसीकरणाच्या खेळांवरच्या आधीच्या प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासले. त्यासाठी त्यांनी वापरलेल्या पद्धतीची मुळं दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या रडारच्या अभ्यासात आहेत. पडद्यावर ठिपका उमटला की तो विमानाचा की नुसत्या गोंगाटाचा, हे रडारवाल्याला ठरवावं लागे. प्रत्येक ठिपक्याला ‘विमान’ म्हणणाऱ्याच्या हातून एकही विमान सुटत नाही, पण त्याच्या इशाऱ्यावर कोणी विसंबूनही राहू शकत नाही. नजर तीक्ष्ण झाली की नुसता उठसूट ‘विमान’ म्हणण्याकडे कल वाढला, या दोन गोष्टी ही पद्धत वेगळ्या काढते. निष्कर्ष असा निघाला की खेळ खेळल्यावर लोकांची पारख सुधारली नव्हती. सगळ्याच बातम्यांना खोटं म्हणण्याकडे त्यांचा कल वाढला होता. लसीकरणाच्या बाजूच्या संशोधकांना हे मान्य नाही आणि वाद अजून चालू आहे. मला हा वाद फार मोलाचा वाटतो. सगळंच खोटं वाटू लागलेला समाज हा अपप्रचार करणाऱ्याचा पराभव नसतो. पुष्कळदा त्याला तेच हवं असतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेने, म्हणजे एआयने, हा पेच आणखी घट्ट केला. सोफी नाइटिंगेल आणि हॅनी फरीद यांनी २०२२ मध्ये लोकांना माणसांचे खरे आणि संगणकाने घडवलेले चेहरे दाखवले. खरा कुठला, हे ओळखण्यात लोकांचं यश ४८.२ टक्के होतं, म्हणजे नाणं उडवून ठरवलं असतं तरी फरक पडला नसता. खुणा शिकवून, दर वेळी उत्तर बरोबर की चूक हे सांगूनही ते ५९ टक्क्यांच्या पुढे गेलं नाही. शिवाय कृत्रिम चेहरे लोकांना खऱ्यांपेक्षा थोडे जास्तच विश्वासार्ह वाटले. बोटं मोजा, कानातले डूल जुळतात का बघा, हे सल्ले आजही फिरतात. ते वाईट हेतूने दिलेले नाहीत, पण तंत्र सुधारलं की त्यांची मुदत संपते.

मग एआय साक्षरता म्हणजे नेमकं काय शिकवायचं? २०२० मध्ये ड्युरी लाँग आणि ब्रायन मॅगर्को यांनी तिच्या सतरा क्षमतांची यादी केली. ती अजूनही पायाभूत मानली जाते. त्यातली एकच गोष्ट निवडायची झाली तर हे यंत्र उत्तर कसं तयार करतं याची समज, ही मी निवडेन. चॅटजीपीटीसारखं भाषा-प्रारूप मजकुरात पुढचा शब्द कुठला येण्याची शक्यता जास्त, हे अफाट लिखाणातून शिकलेलं असतं आणि तसं एकेक पाऊल पुढे टाकत जातं. ओघवतं वाक्य आणि खरं वाक्य यांत त्या प्रक्रियेत आपोआप भेद होत नाही. नेमकं इथेच माणसाचं मनही कच्चं आहे. एखादं विधान पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते जास्त खरं वाटू लागतं, हे १९७७ मधल्या एका प्रसिद्ध प्रयोगात दिसलं आणि त्यानंतर अनेकदा पडताळलं गेलं. सहज पचणारं ते खरं, असं मन धरून चालतं. आता सहज पचणारं लिहिण्यात तरबेज असलेलं यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे.

पण चित्र एकरंगी नाही. २०२४ मध्ये थॉमस कॉस्टेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुठल्यातरी कटाच्या कहाणीवर विश्वास असलेल्या २,१९० लोकांनी भाषा-प्रारूपाशी त्याबद्दल संवाद केला. प्रारूपाने प्रत्येकाच्या नेमक्या मुद्द्याला पुराव्याने उत्तर दिलं. विश्वास सरासरी वीस टक्क्यांनी उतरला आणि दोन महिन्यांनीही तो उतार टिकून होता. म्हणजे ज्या यंत्राची भीती आहे, तेच औषधही होऊ शकतं. कोणाच्या हातात, कुठल्या अटींवर, ही पुढची चौकशी.

पारख प्रत्यक्षात कशी दिसते, हे स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी जवळून पाहिलं. त्यांनी दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि पंचवीस विद्यार्थी यांना दोन वैद्यकीय संघटनांच्या वेबसाइट तपासायला दिल्या. एक १९३० पासूनची, हजारो डॉक्टर सभासद असलेली. दुसरी २००२ मध्ये तिच्यातून फुटून निघालेली, छोटी, पण भारदस्त नावाची. इतिहासकार आणि विद्यार्थी समोरचं पान वाचत बसले. मांडणी नेटकी, तळटीपा व्यवस्थित, म्हणून पुष्कळांची फसगत झाली. तथ्यतपासनीस मात्र काही क्षणांतच पान सोडून नव्या टॅबवर गेले आणि या संघटनेबद्दल इतर काय म्हणतात ते शोधू लागले. पान सोडून जाणं हेच कौशल्य! सहज शिकवता येण्याजोगं, आणि चेहऱ्यावरच्या खुणांसारखं सहा महिन्यांत शिळं न होणारं.

तिथेही मेख आहेच. पुढे ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात असं आढळलं की ताज्या खोट्या बातमीची खात्री करायला लोक शोधयंत्राकडे गेले, तेव्हा ती खरी वाटण्याची शक्यता वाढली. शोधात निकृष्ट स्रोत हाती लागलेल्यांत हे जास्त दिसलं. आता शोधाच्या निकालात सर्वांत वर एआयने लिहिलेला सारांश असला, तर पान सोडून गेलेला वाचक कुठे पोहोचतो? पोस्टडॉकची दोन वर्षं सार्थकी लावणारा प्रश्न मला हा वाटतो.

या प्रश्नांना पोस्टडॉकचाच टप्पा साजेसा आहे. प्रशिक्षणाचा परिणाम तीन-सहा महिन्यांत ओसरतो का, हे बघायला तेवढा काळ हाताशी लागतो. मानसशास्त्र, संगणकशास्त्र आणि शिक्षणशास्त्र या तिघांशी बोलता यावं लागतं. धोरणं तर आधीच पुढे गेली आहेत. युरोपीय संघाच्या एआय कायद्याचं चौथं कलम २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालं. एआय वापरणाऱ्या संस्थांनी आपल्या माणसांच्या एआय साक्षरतेची काळजी घ्यावी, असं ते सांगतं. ‘पिसा’ ही आंतरराष्ट्रीय विद्यार्थी चाचणी २०२९ मध्ये माध्यम आणि एआय साक्षरता तपासणार आहे. आणि आजच्या कित्येक प्रश्नावल्या मात्र ‘तुम्हाला एआय कितपत कळतं?’ असं विचारून माणसालाच स्वतःला गुण द्यायला सांगतात. स्वतःबद्दलचं मत आणि प्रत्यक्ष कौशल्य यांत अंतर असतं. करून दाखवायला लावणाऱ्या चाचण्या हव्यात, आणि त्याही इंग्रजीपलीकडच्या भाषांत.

वाटा मुख्यतः दोन. एखाद्या चालू प्रकल्पात जाहीर झालेली जागा, किंवा स्वतःचा प्रश्न घेऊन मिळवलेली फेलोशिप. युरोपच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्टडॉक फेलोशिपमध्ये विषय उमेदवारानेच ठरवायचा असतो. तिची फिरतीची अट आधी वाचा: अर्जाच्या मुदतीआधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त वास्तव्य झालेलं चालत नाही. जर्मनीच्या हुम्बोल्ट प्रतिष्ठानाची फेलोशिप सहा ते चोवीस महिन्यांची असते. ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूट, वॉशिंग्टन विद्यापीठातलं सेंटर फॉर अॅन इन्फॉर्म्ड पब्लिक, इंडियाना विद्यापीठाची समाजमाध्यम वेधशाळा, या ठिकाणांवर नजर ठेवावी. मात्र अमेरिकेतली वाट अरुंद झाली आहे: एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने अपमाहितीवरच्या संशोधनाची अनुदानं रद्द केली.

यजमान संस्था निवडताना समाजमाध्यमांवरचा डेटा कसा मिळणार, हे स्पष्ट विचारावं. ट्विटरने २०२३ मध्ये संशोधकांचा मोफत प्रवेश बंद केला, फेसबुकची मालक कंपनी मेटाने १४ ऑगस्ट २०२४ रोजी क्राउडटँगल हे पोस्टच्या प्रसाराचा माग काढण्याचं साधन बंद केलं. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याच्या चाळिसाव्या कलमाने मान्यताप्राप्त संशोधकांना मोठ्या मंचांकडून डेटा मागण्याची वाट दिली आहे, पण अर्ज संस्थेच्या आधारानेच करावा लागतो. दुसरी गोष्ट नीतीची. प्रयोगात सहभागी माणसाला आपण खोटी बातमी दाखवतो, ती दुरुस्त केल्यावरही तिचा ठसा मनात उरतो, हे कित्येक प्रयोगांत दिसलं आहे. त्या माणसाला घरी पाठवण्यापूर्वी काय सांगणार, कोण सांगणार, हे प्रस्तावात लिहिलेलं असावं.

आणि प्रस्ताव पाठवण्याआधी स्वतःच आखलेली चाचणी एकदा उघडून बघावी. तिच्यात खऱ्या बातम्या किती आहेत, आणि त्या नाकारणाऱ्याचे गुण कापले जातात का?