पुसायच्या गाड्या आणि पळवायच्या गाड्या

जुन्या गाड्यांचा कुठलाही मोठा मेळावा घ्या, साचा आता ठरलेला आहे. आधी एक दिवस सगळ्या गाड्या रस्त्यावर फिरून येतात, मग एकदोन संध्याकाळी लिलाव, आणि शेवटी रविवारी त्याच गाड्या हिरव्यागार लॉनवर चकाचक पुसून रांगेत उभ्या, मधून ब्लेझरवाले जज पॅड घेऊन वाकून वाकून बघतायत. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की हे तिन्ही प्रकार पहिल्यापासून एकत्रच असणार. तसं अजिबात नाहीये. टूर, शो आणि लिलाव हे वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या कारणांनी सुरू झाले आणि खरं सांगायचं तर तिघांचं आपसात फारसं पटत पण नाही.

यातली सगळ्यात जुनी ती रस्त्यावरची मजा. इंग्लंडमध्ये १८६५ च्या कायद्याने इंजिनवर चालणाऱ्या गाडीला गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात ताशी २ मैल एवढाच वेग ठरवून दिला होता आणि वर गाडीच्या पुढे एक माणूस लाल बावटा घेऊन चालला पाहिजे. म्हणजे गाडी घ्यायची आणि पायी चालणाऱ्याच्या मागून जायचं! १८७८ मध्ये बावट्याची सक्ती गेली पण पुढे चालणारा माणूस काही हटला नाही, तो हटला थेट १८९६ मध्ये, नवीन कायद्याने वेगाची मर्यादा १४ मैल केली तेव्हा. आणि ज्या दिवशी हा कायदा लागू झाला त्याच दिवशी, १४ नोव्हेंबरला, हॅरी लॉसन नावाच्या खटपट्या माणसाने लंडनहून ब्रायटनपर्यंत गाड्यांची मिरवणूकच काढली. निघायच्या आधी नाश्त्याच्या वेळी लॉर्ड विंचिल्सी यांनी सगळ्यांसमोर एक लाल बावटा टराटरा फाडला. मग पावसापाण्यात आणि चिखलात गाड्या निघाल्या आणि बऱ्याचशा पोचल्याच नाहीत. एक इलेक्ट्रिक गाडी तर म्हणे गुपचूप रेल्वेने ब्रायटनला नेली आणि शेवटच्या टप्प्याआधी अंगावर चिखल फासून तिला मिरवणुकीत घुसवलं, खरं खोटं तेव्हाच्या लोकांना माहीत, पण १२५ हून जास्त वर्षं हा किस्सा टिकलाय यातच सगळं आलं.

१९२७ मध्ये याच मिरवणुकीची आठवण म्हणून जुन्या गाड्या परत एकदा त्या रस्त्यावर काढल्या, आणि लोकांना एवढी मजा आली की महायुद्ध वगैरेचे खंड सोडले तर ही रन आजपर्यंत चालू आहे. नोव्हेंबरचा पहिला रविवार, पहाटे हाइड पार्कमधून सुटायचं, गाडी १९०४ पर्यंत बनलेलीच पाहिजे. या गाड्या म्हणजे आपण समजतो तशा गाड्या नाहीतच. कितीतरी गाड्यांना स्टिअरिंगच्या जागी नुसता दांडा, छप्पर नाही, पुढची काच नाही, हँडल मारून स्टार्ट करायची आणि हँडल उलटं बसलं तर मनगट गेलंच म्हणून समजा. शेजारी बसणारा प्रवासी नसतो, तो कामगार असतो, चढ आला की उतरून ढकल, रेडिएटरमधून वाफ आली की पाणी आण. आणि एवढं करून यात पहिला-दुसरा नंबर नाहीच, सरासरी वेग ताशी २० मैलांच्या वर न्यायचा नाही आणि साडेचारच्या आत ब्रायटन गाठलं की मेडल. मला विचाराल तर या सगळ्या प्रकारातली ही सगळ्यात निरागस गोष्ट आहे.

या रनच्याच आसपास क्लब उभे राहिले. १९३० मध्ये व्हेटरन कार क्लब, १९३४ मध्ये व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब. आपण कुठल्याही जुन्या गाडीला सरसकट व्हिंटेज म्हणून मोकळे होतो पण ब्रिटिश हिशोबात पहिल्या महायुद्धानंतरपासून १९३० अखेरपर्यंतची तीच व्हिंटेज, त्याच्या आधीची व्हेटरन नाहीतर एडवर्डियन. गंमत अशी की या दुसऱ्या क्लबातल्या मंडळींनी ही रेषा मारली तेव्हा १९३० ची गाडी जेमतेम काही वर्षं वापरलेली सेकंडहँड गाडी होती, अँटिक वगैरे काही नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की मंदीनंतर ज्या गाड्या यायला लागल्या त्या पत्र्याच्या डब्या आहेत, खरी गाडी त्याच्या आधीची. म्हणजे ‘पूर्वीसारखं आता काही राहिलं नाही’ हे रडगाणं या छंदात पहिल्यापासून आहे.

आता लॉनवरचा शो. त्याला म्हणतात कॉन्कूर द एलेगन्स, म्हणजे देखणेपणाची स्पर्धा, नाव फ्रेंच, आणि मूळ कल्पना बग्ग्यांच्या काळातली, पॅरिसच्या बागांमधून श्रीमंत लोक घोडे-बग्ग्या मिरवायचे त्यातली. १९२० च्या दशकात घोडे गेले आणि गाड्या आल्या. तेव्हा भारी गाडी घ्यायची पद्धतच वेगळी होती, कंपनीकडून इंजिन आणि चासी म्हणजे खालचा सांगाडा घ्यायचा आणि बॉडी दुसऱ्याच कारागिराकडून शिवून घ्यायची, हो शिवूनच म्हणायचं, कापड घेऊन टेलरकडे जातो तसं. मग या बॉडी बनवणाऱ्यांना जाहिरात कशी करायची हा प्रश्न, त्यावर उपाय म्हणजे हे शो. गाडी नवीकोरी, शेजारी गाडीच्या रंगाला मॅचिंग ड्रेस घातलेली बाई, आणि कधीकधी हातात कुत्रा. इटलीत कोमो तलावाकाठचा व्हिला देस्तेचा शो १९२९ चा, तोही याच जातीचा. सांगायचा मुद्दा हा की ज्याला आज आपण जुन्या गाड्यांचं देऊळ समजतो तो मुळात नव्या गाड्यांचा शोरूम होता.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या पेबल बीचला १९५० मध्ये शो सुरू झाला तेव्हा पण हेच. खरं आकर्षण होतं झाडांमधून जाणाऱ्या रस्त्यावरची कार रेस, शो आपला बाजूला तोंडी लावायला. पहिल्या वर्षी रेस जिंकली फिल हिलने जॅग्वार एक्सके १२० मध्ये, आणि शोमध्ये बेस्ट ठरली ती नवीन गाडी. पुढची काही वर्षं नव्या गाड्याच जिंकत होत्या. मग १९५५ मध्ये हाच फिल हिल परत आला, पण यावेळी १९३१ ची पिअर्स-अॅरो घेऊन, त्याच्या मावशीची गाडी, नीट रिस्टोर केलेली, आणि बेस्ट ऑफ शो घेऊन गेला. हाच माणूस पुढे १९६१ मध्ये फॉर्म्युला वनचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, पण माझ्या मते त्याने गाड्यांच्या जगाला दिलेली जास्त टिकाऊ गोष्ट म्हणजे ही मावशीची गाडी. त्यानंतर वारं फिरलं. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, रेसमध्ये अर्नी मॅकाफी हा ड्रायव्हर झाडावर आदळून गेला आणि त्या रस्त्यावरची रेस कायमची बंद झाली, १९५७ मध्ये लगुना सेकाचा ट्रॅक झाला आणि रेस तिकडे गेली. मागे राहिला तो शो. तोंडी लावणंच मुख्य जेवण झालं आणि आज गोल्फ कोर्सच्या १८ व्या फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, जगातला सगळ्यात मानाचा शो भरतो तो असा.

आणि मग सुरू झाला पुसापुशीचा अतिरेक. अमेरिकन क्लबांच्या शोमध्ये १०० पैकी मार्क द्यायची पद्धत, प्रत्येक चुकीला मार्क कापायचे, त्यामुळे मालक चासीच्या खालच्या बाजूलाही असा रंग लावायला लागले की फॅक्टरीतून निघताना सुद्धा गाडी एवढी गुळगुळीत नव्हती. कान साफ करायच्या काडीने स्पोकच्या मुळातली धूळ काढणारे लोक आहेत. अशी गाडी मग चालवणार कोण, खडा उडाला तर? ती बंद ट्रेलरमधून येते, लॉनवर दहा मीटर चालते आणि परत ट्रेलरमध्ये. तिला ट्रेलर क्वीन म्हणतात आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत.

लिलाव या सगळ्यात सगळ्यात शेवटी आला आणि सगळ्यात जास्त जागा खाऊन बसला. आधी या गाड्यांना किंमतच नव्हती हे आज पटत नाही. दुसऱ्या महायुद्धात लोखंडासाठी किती जुन्या गाड्या वितळल्या त्याला गणती नाही. बुगाटी रॉयाल घ्या, १२.७ लिटरचं इंजिन, राजेमहाराजांसाठी २५ बनवायच्या असा प्लॅन, मंदी आली आणि ६ च बनल्या, त्यातल्याही ३ च गिऱ्हाइकांनी घेतल्या. त्यातली एक १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या भंगारवाल्याकडे पडलेली सापडली, थंडीत पाणी गोठून इंजिन फुटलेलं. जनरल मोटर्सच्या चार्ल्स चेन या इंजिनिअरने ती काहीशे डॉलरला उचलली, नीट केली आणि शेवटी हेन्री फोर्ड म्युझियमला देऊन टाकली. आणि १९८७ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये दुसरी एक रॉयाल लिलावात गेली, ५५ लाख पौंडांना. ४४ वर्षांत भंगारापासून अल्बर्ट हॉलपर्यंत.

मधल्या काळात काय झालं तर काही लोकांनी गाड्या वेड्यासारख्या जमवल्या. फ्रान्समध्ये मुलूझच्या श्लुम्फ बंधूंनी, लोकरीच्या गिरण्यांचे मालक, १९६४ मध्ये अमेरिकेतल्या एका माणसाकडून एकदम ३० बुगाटी घेतल्या आणि त्या उघड्या मालगाडीवर लादून निघाल्या. गिरणीतल्या शेडमध्ये गुपचूप ४०० च्या वर गाड्या जमल्या. पुढे गिरण्या बुडाल्या, १९७७ मध्ये कामगार आत घुसले आणि बघतात तर काय, आपले पगार थकलेत आणि इथे रांगेने बुगाटी उभ्या. आज ते फ्रान्सचं राष्ट्रीय मोटार म्युझियम आहे. अमेरिकेत कॅसिनोवाला बिल हॅरा, त्याच्याकडे १४०० च्या आसपास गाड्या, तो १९७८ मध्ये गेला आणि नवीन मालक कंपनीने १९८४ ते १९८६ मध्ये त्यातल्या बऱ्याच विकायला काढल्या. १९७१ पासून स्कॉट्सडेलला बॅरेट-जॅक्सन कंपनीचे लिलाव चालू होतेच, पण माझा अंदाज असा की हॅराच्या लिलावांनी लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं की गाडी ही पण इन्व्हेस्टमेंट आहे.

लिलावात ऐकू येणारा आकडा आणि छापून येणारा आकडा वेगळा असतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरेला फेरारी २५० जीटीओवर हातोडा पडला ४ कोटी ४० लाख डॉलरवर, पण पेपरात आलं ४ कोटी ८४ लाख, कारण वरचं कमिशन गाडी घेणाऱ्याने भरायचं असतं. जीटीओ बनल्याच ३६. त्याचाही रेकॉर्ड २०२२ मध्ये मर्सिडीजच्या ३०० एसएलआर उलेनहाउट कूपेने मोडला, १३ कोटी ५० लाख युरो. १९५५ मध्ये दोनच बनवल्या होत्या, त्याच वर्षी फ्रान्समधल्या ल माँ रेसच्या भीषण अपघातानंतर कंपनी रेसिंगमधून बाहेर पडली, त्यामुळे ही गाडी एकही रेस पळली नाही आणि ती बनवणारे इंजिनिअर उलेनहाउट साहेब तीच ऑफिसला ये-जा करायला वापरायचे. एक सांगतो, या आकड्यांपेक्षा मला २०१५ चा पॅरिसचा लिलाव जास्त लक्षात आहे. रोजे बायों या ट्रान्सपोर्टवाल्याने जमवलेल्या ५९ गाड्या पश्चिम फ्रान्समधल्या शेतावर पत्र्याच्या शेडखाली गंजत पडल्या होत्या. त्यात एक फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर, कधीकाळी फ्रेंच नट अलाँ दलाँची, डिकीवर जुन्या मासिकांचे गठ्ठे ठेवलेले. ती धुतली सुद्धा नाही, धुळीसकट स्टेजवर ठेवली आणि १ कोटी ६० लाख युरोच्या वर गेली. धूळ पुसली असती तर कमी आले असते असं म्हणणारे लोक होते, आणि मला ते चूक वाटत नाहीत.

किंमती अशा चढल्यावर गाडी बाहेर काढायचीच भीती, म्हणून टूर परत आणावी लागली. इटलीची मिल्ले मिल्या, ब्रेशिया ते रोम आणि परत, सुमारे १६०० किलोमीटर उघड्या रस्त्यावर, १९२७ ते १९५७ खरी रेस होती. १९५५ मध्ये स्टर्लिंग मॉसने ती १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदात मारली, शेजारी डेनिस जेन्किन्सन मांडीवर कागदाची लांबलचक गुंडाळी उलगडत पुढचं वळण हाताच्या खुणेने सांगत होता, कारण आवाजात बोलणं अशक्य. १९५७ मध्ये टायर फुटून दे पोर्तागो या ड्रायव्हरची फेरारी गर्दीत घुसली, तो, त्याचा जोडीदार आणि ९ प्रेक्षक गेले, आणि रेस संपली. १९७७ मध्ये ती परत आली पण रेस म्हणून नाही, ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात कापायचं, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. आणि अट अशी की त्या ३० वर्षांत ज्या मॉडेलनी भाग घेतला तीच मॉडेल. झालं, ज्या मॉडेलला प्रवेश मिळतो त्याची लिलावात किंमत वर. म्हणजे टूर लिलावाच्या तावडीतून सुटायला निघाली आणि लिलाव टूरच्याच पाठीवर बसला.

पेबल बीचने १९९८ पासून शोच्या आधी टूर ठेवली आणि एक छोटा पण बेरकी नियम केला, एकाच क्लासमध्ये म्हणजे गटात दोन गाड्यांना सारखे मार्क पडले तर जी टूर पूर्ण करून आली ती पुढे. ट्रेलरवाल्यांना कोणी काही बोललं नाही, पण गाड्या रस्त्यावर यायला लागल्या. हळूहळू मूळ रंग, मूळ सीट, जशी आहे तशी ठेवलेल्या गाड्यांसाठी वेगळे क्लास आले, तरी सगळ्यात मोठं बक्षीस मात्र चकाचक गाड्याच नेत होत्या. ते तुटलं २०२४ मध्ये. १९३४ ची बुगाटी टाइप ५९, ग्रां प्री रेस पळालेली, मग बेल्जियमचा राजा लिओपोल्ड तिसरा याच्याकडे गेलेली, त्यानेच तिला काळा रंग लावून घेतलेला. तो रंग आता फुटलाय, जागोजागी उडालाय, आणि तशीच ती शेकडो लाखमोलाच्या आरशांमधून स्वतःच्या इंजिनवर रॅम्प चढून बेस्ट ऑफ शो घ्यायला वर गेली.