विश्रामबाग वाडा, पुणे

पुण्याच्या सदाशिव पेठेत थोरले बाजीराव रस्त्यालगत उभा असलेला पेशवेकालीन वाडा. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो स्वतःला राहण्यासाठी बांधून घेतला, म्हणून पेशव्यांचा वाडा हीच त्याची ओळख आहे. शाळा म्हणून मात्र तो कितीतरी जास्त काळ वापरात होता.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. विद्वान ब्राह्मणांना श्रावणात दक्षिणा वाटण्याची पेशव्यांची प्रथा एकदम मोडली तर शहर बिथरेल, हे इंग्रज ओळखून होते. त्यांनी त्या रकमेतला काही भाग शिक्षणाकडे वळवला आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजी कमिशनर चॅप्लिन याच्या कारकिर्दीत वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. व्याकरण, न्याय (म्हणजे तर्कशास्त्र), धर्मशास्त्र, ज्योतिष असे विषय शास्त्री शिकवीत. विद्यार्थी सुरुवातीला फक्त ब्राह्मण. म्हणजे राज्य साहेबाचे, पण शाळा जुन्याच वळणाची! कृष्णशास्त्री चिपळूणकर इथेच शिकले. १८३७ पासून देखरेख मेजर कँडी याच्याकडे आली. मराठीत विरामचिन्हे रुळवण्याचे श्रेय दिले जाते तो हाच. १८५१ मध्ये पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा एक होऊन पूना कॉलेज झाले. तेच पुढे डेक्कन कॉलेज म्हणून येरवड्याच्या बाजूला नव्या गॉथिक इमारतीत गेले. वाड्यात त्यानंतरही सरकारी हायस्कूल भरत असे.

बांधणी चौकांची आहे. दगडी जोते, त्यावर सागवानी सांगाडा आणि मधे विटांच्या भिंती. दर्शनी सज्जा आणि त्याखालचे कोरीव लाकूडकाम पाहायला रस्त्यावरचा माणूस आजही थबकतो. खांब सुरूच्या घाटाचे : बुंध्याशी फुगीर, वर निमुळते. त्यांच्या माथ्यावर महिरपी आणि केळफुलाची नक्षी. चौकाभोवतीच्या ओसऱ्या आणि वरचे दिवाणखाने वर्ग भरवायला आयतेच सोयीचे पडले असणार. एकेका शास्त्र्याने आपले शिष्य घेऊन बसावे, इतपत आडोसा आणि उजेड तिथे आहे.

मे १८७९ मध्ये पेशव्यांच्याच बुधवार वाड्याबरोबर विश्रामबागेलाही आग लावण्यात आली. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचे ते दिवस, त्यामुळे संशय आधी त्यांच्यावर गेला. आग लावणारा निघाला दुसराच. जळालेला पूर्वेकडचा भाग पुढे लोकवर्गणीच्या मदतीने पुन्हा उभारला गेला. १९३० ते १९५९ या काळात नगरपालिकेची आणि नंतर महानगरपालिकेची कचेरी वाड्यात होती.