वीर्याची शीतसाठवण (पशुधन)

कृत्रिम रेतनासाठी वळू, रेडा, मेंढा, बोकड, घोडा, वराह या नरांचे वीर्य थंड करून किंवा गोठवून टिकवण्याच्या पद्धतीला शीतसाठवण म्हणतात. थंड केलेले द्रव वीर्य साधारण 4 ते 5 अंश सेल्सियसला एक ते तीन दिवस वापरण्याजोगे राहते. गोठवलेले वीर्य द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे 196 अंशांना, कित्येक दशके टिकते. त्या तापमानाला जैवरासायनिक क्रिया जवळजवळ थांबलेल्या असतात, त्यामुळे नुसते पडून राहिल्याने वीर्य बिघडत नाही. बिघडते ते थंड होताना आणि पुन्हा ऊब मिळताना. वीर्याच्या दर्जाचा जवळजवळ सगळा प्रश्न या दोन वाटांवरचा आहे.

शरीराबाहेर आलेला शुक्राणू फ्रुक्टोज जाळत पोहत राहतो आणि त्यातून तयार होणाऱ्या लॅक्टिक आम्लात लवकरच गुदमरतो. तापमान 10 अंशांनी उतरले की चयापचय साधारण निम्म्यावर येतो आणि त्याचे आयुष्य वाढते. मात्र उतरण्याचा वेग चुकला तर हाच गारवा मारक ठरतो. ताजे वीर्य एकदम गार नळीत ओतून थेंबभर सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर सरळ धावणारे शुक्राणू जागच्या जागी गोल फिरताना, काही मागे सरकताना, काही शेपटीचे वेटोळे करून पडलेले दिसतात. याला शीत-आघात म्हणतात. शुक्राणूच्या पटलातील (बाहेरच्या पातळ आवरणातील) मेदरेणू गारव्याने ठिकठिकाणी घट्ट होतात, पटल गळू लागते, आतले पोटॅशियम व विकरे बाहेर येतात आणि कॅल्शियम आत घुसते. पुन्हा ऊब दिली तरी ही हानी भरून निघत नाही.

यावरचा उतारा 1940 मध्ये फिलिप्स व लार्डी यांनी दिला, तो म्हणजे अंड्याचा बलक. बलकातील कमी घनतेची मेदप्रथिने पटलाला चिकटून त्याला सांभाळतात. आजही अनेक विरलकांत (वीर्य पातळ करून शुक्राणूंना पोसणाऱ्या द्रावांत) बलक, दूध किंवा सोयाबीनचे लेसिथिन असते. बोकडाच्या वीर्यात मात्र बलक जपून वापरावा लागतो. त्याच्या वीर्यद्रवातील एक विकर बलकावर क्रिया करून शुक्राणूंनाच घातक द्रव्ये तयार करते. म्हणून काही ठिकाणी ते वीर्य आधी धुऊन घेतात.

गोठवण्याची किल्ली योगायोगाने हाती लागली. 1949 मध्ये पोल्ज, स्मिथ व पार्क्स कोंबड्याच्या वीर्यावर काम करत होते. फ्रुक्टोजची म्हणून घेतलेली बाटली प्रत्यक्षात ग्लिसरॉल व अल्ब्युमिनच्या द्रावाची निघाली आणि गोठून वितळलेले शुक्राणू पोहू लागले. 1951 मध्ये गोठवलेल्या वीर्यापासून पहिले वासरू जन्मले. गोठवताना दोन संकटे असतात. वेग फार कमी असेल तर बाहेरचे पाणी आधी गोठते, उरलेला द्राव खारट होत जातो आणि पेशी सुकते. वेग फार जास्त असेल तर पेशीच्या आतच बर्फाचे स्फटिक होतात. या दोन्हींमधला वेग साधावा लागतो, हे पीटर मेझर यांनी 1972 मध्ये मांडले. ग्लिसरॉल ही मधली वाट रुंद करते, पण ते स्वतःही थोडे विषारी असल्याने वळूच्या वीर्यात साधारण 6 ते 7 टक्केच घालतात. एवढी काळजी घेऊनही सरासरी निम्मे शुक्राणू या प्रवासात मरतात.

नंतरचे नुकसान बहुधा हाताळणीत होते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही म्हणूनच फसवे असते. गोठवलेले वीर्य भरलेली पाव मिलिलिटरची कांडी (बारीक नळी) द्रवरूप नायट्रोजनच्या पात्राच्या तोंडाशी वर धरली की काही सेकंदांत ती बरीच तापते. सुमारे उणे 130 अंशांच्या वर गेल्यावर बारीक स्फटिक एकमेकांत मिसळून मोठे होऊ लागतात. कांडी परत बुडवली तरी झालेली इजा तशीच राहते, आणि अशा प्रत्येक उचलीत तिची भर पडते. म्हणून कांड्या पात्राच्या मानेच्या खालीच ठेवून हवी ती चिमट्याने आठ-दहा सेकंदांत काढावी. मग ती सुमारे 37 अंशांच्या पाण्यात 30 ते 40 सेकंद वितळवून, पुसून कोरडी करून लगेच वापरावी. खिशात किंवा तळहातावर कांडी वितळवणे ही चूकच आहे, कारण तेथे वेगही नेमका नसतो आणि तापमानही.

वितळल्यानंतर दर्जा केवळ हालचालीवर ठरवणे अपुरे आहे. जिवंत-मृत ओळखणारी रंजक चाचणी, कमी क्षारतेच्या द्रावात शेपूट फुगते का हे पाहणारी चाचणी, शुक्राणूच्या डोक्यावरील टोपीसारखे आवरण (ॲक्रोसोम) शाबूत आहे का आणि डीएनए तुटला आहे का, हेही पाहावे लागते. थंडीतून आलेल्या शुक्राणूंत ऑक्सिजनच्या उपद्रवी रेणूंनी पटलातील मेद खराब होतात. शिवाय मादीच्या गर्भमार्गात व्हायचे पक्वतेचे बदल त्यांच्यात आधीच सुरू झालेले असतात. असा शुक्राणू पोहतो खरा, पण थोडाच काळ. म्हणून गोठवलेले वीर्य वापरताना माजाची वेळ अधिक काटेकोर साधावी लागते.

सगळ्या प्राण्यांना एकच पद्धत चालत नाही. म्हशीच्या रेड्याचे वीर्य वळूच्या तुलनेत गोठणे कमी सोसते. मेंढीच्या गर्भाशयमुखाची वाट वेडीवाकडी असल्याने वितळलेले, अल्पायुषी शुक्राणू तेथून क्वचितच पुढे पोचतात, आणि चांगल्या गर्भधारणेसाठी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने वीर्य थेट गर्भाशयात सोडावे लागते. वराहाच्या शुक्राणूच्या पटलात कोलेस्टेरॉल कमी असल्याने 5 अंशांचा गारवाही त्याला झेपत नाही. ते वीर्य 15 ते 18 अंशांनाच ठेवतात, आणि एवढ्या उबेत जिवाणू वाढतात म्हणून विरलकात प्रतिजैविक घालणे भाग पडते. न्यूझीलंडमध्ये गायींचे रेतन वर्षातल्या थोड्या आठवड्यांत उरकते. तेथे वळूचे वीर्य नायट्रोजन वायू सोडलेल्या विरलकात खोलीच्या तापमानालाच ठेवतात. गोठण्यात शुक्राणू मरत नसल्याने दर मात्रेला ते कितीतरी कमी लागतात, आणि एका चांगल्या वळूचे वीर्य अधिक गायींना पुरते.