कुत्र्याला गाडी लागते की गाडीची भीती वाटते?

आमची टिकली पाच महिन्यांची असताना पहिल्यांदा तिला घेऊन पुण्याहून गुहागरला निघालो. सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, आमचा नेहमीचा रस्ता. हायवेवर बाईसाहेब खिडकीला नाक लावून मजेत बसलेल्या. पाटणच्या पुढे वळणं सुरू झाली तशी गप्प झाली, जिभल्या चाटायला लागली, दोन-तीन मोठ्या जांभया दिल्या, आम्हाला वाटलं झोप आली असेल, तर तोंडातून लाळेची तार सीटपर्यंत लोंबायला लागली आणि घाटात पोचल्यावर तिसऱ्या-चौथ्या वळणाला भडाभडा ओकली. गाडी कडेला घेतली, पट्टा लावून खाली उतरवलं, पंधरा-वीस मिनिटं फिरवलं. पाणी प्यायली, गवत हुंगलं आणि शेपूट हलवत परत दारापाशी जाऊन उभी राहिली, चला म्हणून.

आता दुसरा कुत्रा. ताईचा ब्रुनो, लॅब्रॅडॉर, चार वर्षांचा. तोही गाडीत लाळ गाळतो, धापा टाकतो, एक-दोनदा उलटीही केलेली. सगळे म्हणाले अरे याला पण टिकलीसारखी गाडी लागते. ताईने डॉक्टरांना फोनवर तेवढंच सांगून उलटीची गोळी लिहून घेतली, दिली, उलटी झाली नाही पण बाकी सगळं जसंच्या तसं. थरथर, धापा, सीटखाली घुसायची धडपड. कारण ब्रुनोला गाडी लागतच नव्हती. त्याला गाडीची भीती वाटत होती. आणि हे कळायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागलं, त्या वर्षात त्या बिचाऱ्याने किती सोसलं असेल ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

दोन्हीत बाहेरून दिसणारं इतकं सारखं असतं की गोंधळ होणं साहजिक आहे. म्हणून आधी आत काय चालतं ते बघू.

गाडी लागणं हा कानाचा मामला आहे, माणसासारखाच. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते, ती सांगते आपण डावीकडे झुकतोय, खाली उतरतोय, आणि डोळ्यांना मात्र समोर सीटची पाठ दिसते जी हलतच नाहीये. दोन्हीकडून मेंदूला वेगवेगळी खबर जाते आणि मळमळ सुरू होते. पिल्लांमध्ये ही तोलाची यंत्रणा पुरती तयार झालेली नसते म्हणून त्यांना जास्त त्रास होतो आणि बरीच पिल्लं वर्षभराची होईपर्यंत आपोआप सुधारतात. सगळीच नाही, काहींना जन्मभर लागते.

भीतीचं तसं नाही, तिचा गाडी हलण्याशी संबंध असेलच असं नाही. कुत्र्याने गाडीची सांगड कशाशी घातलीये ते महत्त्वाचं. ब्रुनोचं आयुष्य बघा, पिल्लू असताना आईपासून तोडून गाडीत घालून आणला, नंतर गाडीत बसला की दवाखाना, सुई, नसबंदीचं ऑपरेशन. एकदा गाडीने तो बागेत गेलाय किंवा नदीवर गेलाय असं झालंच नाही. मग गाडीचं दार उघडलं की त्याला काय वाटणार?

ओळखायचं कसं, तर मी एकच गोष्ट बघायला सांगते, लाळ कधी सुरू झाली. चाकं फिरायच्या आधी की नंतर. टिकलीची लाळ वळणांनंतर सुरू व्हायची, एक्सप्रेसवेवर सरळ रस्त्याला तिला काही व्हायचं नाही. ब्रुनो मात्र किल्लीचा आवाज आला की टेबलाखाली. हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचा पट्टा, बाहेर काढला की कान मागे, शेपूट पायात, गाडी पार्किंगमध्ये बंद उभी असतानाच धापा सुरू. डोळे असे तिरके करून बघतो की पांढरा भाग दिसतो. आणि फरशीवर त्याच्या पंजांचे ओले ठसे उमटलेले असतात, कारण कुत्र्यांना घाम पंजांनाच येतो आणि घाबरल्यावर जास्त येतो. हे ठसे मला ताईच्या मुलाने दाखवले, आम्हा मोठ्यांच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

उतरल्यावरचं वागणंही बघा. गाडी लागलेला कुत्रा थोड्या वेळाने ताळ्यावर येतो, परत चढायला कुरकुर करत नाही (निदान सुरुवातीच्या काळात तरी). भ्यालेला कुत्रा गाडीपासून लांब ओढत नेतो आणि परत चढायची वेळ आली की चारी पाय रोवून बसतो. मात्र नुसत्या भीतीनेही उलटी होते, जुलाबही होतात, त्यामुळे उलटी झाली म्हणजे गाडी लागली असं समजू नका, आमची चूक तिथेच झाली.

शंका असेल तर घरच्या घरी तपासता येतं. एक दिवस नुसतं बंद गाडीत दहा मिनिटं त्याच्याबरोबर बसा. दुसऱ्या दिवशी इंजिन चालू करून जागच्या जागी. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या गेटपर्यंत जाऊन परत. मग एखाद्या सरळ रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर. त्रास पहिल्या-दुसऱ्या दिवशीच दिसला तर भीती आहे, कारण गाडी हलल्याशिवाय कानामुळे मळमळत नाही. सरळ रस्त्याला ठीक आणि वळणं, स्पीडब्रेकर, ट्रॅफिकमधलं ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर यात बिघडला तर गाडी लागते.

खरी गुंतागुंत पुढे आहे आणि मला सगळ्यात जास्त तेच सांगायचंय. एकातून दुसरं तयार होतं. पावलोव्हचं नाव शाळेत ऐकलेलं असतं, तो रशियन शास्त्रज्ञ, पचनावरच्या कामासाठी १९०४ चं नोबेल मिळालेला. त्याच्या कुत्र्यांना समोर खाणं यायच्या आधी नुसत्या खुणेनेच लाळ सुटायला लागली होती. इथे तेच उलट्या बाजूने होतं. पिल्लाला चार वेळा गाडीत मळमळलं की पाचव्या वेळी गाडी बघूनच लाळ सुटते, पोट ढवळतं, आणि मग ते घाबरायला लागतं. म्हणजे सुरुवात कानापासून झाली आणि मुक्काम मनात. कान वर्षभरात सुधारतोही पण मन तिथेच अडकून राहतं, लोक म्हणतात एवढा मोठा झाला तरी गाडी लागते, तर बऱ्याचदा आता लागत नसते, आठवण लागलेली असते. म्हणून पिल्लू ओकतंय तर "होईल सवय" म्हणून तसंच रेटत नेऊ नका, सवय भीतीचीच होते. टिकलीच्या बाबतीत डॉक्टरांनी हेच समजावलं होतं, आधी पोट सांभाळा, मन आपोआप सांभाळलं जाईल, आणि तसंच झालं.

पोट सांभाळायचं म्हणजे निघायच्या तीन-चार तास आधी हलकं खाणं आणि मग नाही, पाणी मात्र थोडं थोडं चालू ठेवायचं. अगदी लहान पिल्लाला उपाशी ठेवू नका, त्याचं डॉक्टरांना विचारून ठरवा. जागा गाडीच्या मधल्या भागात, तोंड पुढे, हार्नेसने नीट बांधलेलं, डिकीत अजिबात नको कारण मागच्या चाकांच्या मागे हेलकावा सगळ्यात जास्त बसतो. खिडकीची काच दोन बोटं उघडी. आणि डॅशबोर्डवरची ती जेलची सुगंधी डबी काढून टाका, माणसाला त्या वासाने मळमळतं मग ज्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट आहे त्याचं काय होत असेल. ड्रायव्हरने घाटात गडबड करायची नाही, गाडी कमी गिअरमध्ये एका लयीत उतरवायची, हा उपाय फुकट आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतो असा माझा अनुभव आहे. घाट सुरू व्हायच्या आधी एकदा थांबायचं, संपल्यावर एकदा.

गोळीचं विचाराल तर कुत्र्यांसाठी मॅरोपिटंट नावाचं औषध आहे, मेंदूत उलटीचा निरोप जिथे पोचतो तिथे ते अडवतं. निघायच्या साधारण दोन तास आधी द्यायचं असतं, ऐन घाटात दिलं तर काय उपयोग. आणि गाडी लागण्यासाठीचा डोस साध्या उलटीच्या डोसपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून घरात उरलेली गोळी अंदाजाने देऊ नका, वजन करून डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. एक लक्षात ठेवा, ते उलटी छान थांबवतं पण मळमळ पूर्ण जाईलच असं नाही, थोडी लाळ राहू शकते. आणि भीतीवर ते काहीच करत नाही, ब्रुनोचं हेच झालं होतं. आपली माणसांची प्रवासाची गोळी अर्धी करून देणारे बरेच लोक मी बघितलेत, कृपा करून विचारल्याशिवाय देऊ नका.

भीतीचं काम वेगळं आणि हळू. ताईने ब्रुनोसाठी काय केलं, तर महिनाभराहून जास्त त्याला गाडीने कुठे नेलंच नाही. त्याचं रात्रीचं जेवण पार्किंगमध्ये, गाडीपासून दहा फुटांवर. मग पाच फूट. मग उघड्या दाराशी. मग आत, इंजिन बंद. तो खाऊ घेतो का हेच माप, घेतला तर पुढची पायरी, तोंड फिरवलं तर एक पायरी मागे, त्याला ओढून आत घालायचं नाही म्हणजे नाही. इंजिनपर्यंत पोचायला पाच आठवडे लागले. पहिली फेरी दोन गल्ल्या सोडून असलेल्या मैदानापर्यंत, जिथे उतरल्यावर चेंडू. दवाखान्यात त्या काळात चालत नेला. आणि हो, घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं, अंगावरून हात फिरवला तर भीती वाढते, लाड होतात असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, भीती अशी कुरवाळून वाढत नाही, त्याला तुमचा आधार हवा असतो.

खूपच भित्रा असेल तर डॉक्टर ट्रॅझोडोन किंवा गॅबापेंटिनसारखं औषध देतात, ते प्रवासाच्या आधी एकदा घरी देऊन बघायचं असतं म्हणजे अंगाला कसं मानवतं ते कळतं. गुंगीच्या जुन्या औषधांबद्दल मात्र नीट विचारा. असिप्रोमॅझीनने कुत्रा शांत पडलेला दिसतो पण आतली भीती तशीच असू शकते, फक्त हलता येत नाही. मला ती कल्पनाच सहन होत नाही.

कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेल्या गाडीत, तर हा फरक लख्ख दिसतो. महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, आता भाड्याने घेऊन कुत्र्यासकट कोकणात जाणारे लोक दिसायला लागलेत, आम्हीही मागच्या हिवाळ्यात घेतली. टिकलीला उभी कॅरॅव्हॅन म्हणजे राजवाडा, पहिल्याच रात्री गादीवर पाय ताणून घोरत होती, तिचा प्रश्न फक्त चालत्या गाडीत. मागचा पलंग सगळ्यात ऐसपैस म्हणून तिला तिथे ठेवलं तर तासाभरात लाळ सुरू, पुढे ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बांधली तर गुहागरपर्यंत ठीक. ब्रुनोचं उलट, चालू गाडीपेक्षा उभ्या गाडीतच तो जास्त बिथरला. पाण्याच्या पंपाचा आवाज, शेगडीचा वास, कपाटात भांडी खडखडली की उडायचा. म्हणून पुढच्या वेळी ताईने कॅरॅव्हॅन एक दिवस आधी घेतली, सोसायटीत उभी केली, त्याची घरची मळकी चादर न धुता आत टाकली, भांड्यांमध्ये टॉवेल कोंबले आणि रात्री स्वतः त्याच्याशेजारी झोपली. भित्र्या कुत्र्याला गाडी आधी घर वाटायला हवी, गाडी लागणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही.

या दोन्हीत एक तिसरीच गोष्ट लपते, ती म्हणजे उष्णता, तिथे मात्र वेळ घालवू नका. धापा आणि लाळ तिच्यातही असतात. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, ते १०५ च्या वर गेलं की जिवावर बेततं. हिरड्या लालभडक, लाळ घट्ट चिकट, पाय लटपटतायत असं दिसलं तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि थेट दवाखाना गाठा. अमेरिकेत २००५ मध्ये उन्हात उभ्या गाडीची मोजणी झाली होती, तासाभरात आतलं तापमान साधारण २२ अंश सेल्सिअसने वाढलं आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच, काच थोडी उघडी ठेवूनही फारसा फरक नाही. म्हणजे ढाब्यावर जेवायला थांबलात तर एकाने गाडीपाशी कुत्र्याबरोबर सावलीत थांबायचं. पग, शिह त्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्यांना तर दुप्पट जपा.

डॉक्टरांकडे जाताना तोंडी "गाडीत त्रास होतो" एवढंच सांगू नका, मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या, गाडीत बसायच्या पाच मिनिटं आधीपासूनचा. ताईने शेवटी तेच केलं. व्हिडिओत गाडी अजून बंदच होती, ब्रुनो दाराशी उभा, तोंडातून लाळ टपकतेय आणि मागचे पाय थरथरतायत. डॉक्टरांनी अर्ध्या मिनिटात मोबाईल परत दिला आणि विचारलं, याला गाडीने शेवटचं कुठे नेलं होतंत?