शुक्रावर गेलेली हिऱ्याची खिडकी

डिसेंबर १९७८ मध्ये नासाच्या पायोनियर व्हीनस मोहिमेची मोठी कुपी (प्रोब) शुक्राच्या वातावरणात शिरली. तिच्यात अवरक्त किरण मोजणारं एक उपकरण होतं आणि त्याच्यासमोरची खिडकी चक्क नैसर्गिक हिऱ्याची होती. व्यास सुमारे १८ मिलिमीटर, जाडी ३ मिलिमीटरच्या आत. शुक्राच्या पृष्ठभागावर तापमान साधारण ४६० अंश सेल्सिअस, दाब पृथ्वीच्या नव्वद पट. हिरा दाब सोसणारच. पण इतका तापल्यावर तो अवरक्त किरणांना वाट देत राहतो का? मला हा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो.

मिठात सोडियम धनभारित आणि क्लोरीन ऋणभारित, म्हणून अवरक्त प्रकाश त्यांना उलट दिशांना ओढून हलवतो आणि स्वतः शोषला जातो. हिऱ्यात सगळेच अणू कार्बनचे. दोन तुल्यबळ संघांच्या रस्सीखेचीसारखी गत. भाराचा तोल कुठल्याच बाजूला झुकत नाही. त्यामुळे शुद्ध हिऱ्यात अणूंच्या एकट्या कंपनाला प्रकाश पकडता येत नाही. (निसर्गातल्या बहुतेक हिऱ्यांत नायट्रोजन असतो आणि तो ही सममिती मोडतो. अशा हिऱ्यांमधल्या जादा शोषणाचं मूळ नायट्रोजन आहे, हे कैझर आणि बाँड या संशोधकांनी १९५९ मध्ये दाखवलं.)

तरीही शुद्ध हिरा ४ ते ६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या पट्ट्यात बराच प्रकाश गिळतो. याचा उलगडा लॅक्स आणि बर्स्टाइन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये केला: एक कंपन अणूंभोवतालचा भार किंचित विस्कटतं आणि त्याच वेळी दुसरं कंपन तो हलवतं. दोघं मिळून प्रकाशाचा एक कण शोषतात.

तापमानाचा संबंध इथे येतो. कार्बन हलका आणि त्याचे बंध कमालीचे ताठ, म्हणून हिऱ्यातल्या एका कंपनाला लागणारी ऊर्जा फार मोठी. खोलीच्या तापमानाला ती जवळपास मिळतच नाही. आपली उबदार खोली हिऱ्याच्या लेखी कडाक्याची थंडी! म्हणूनच तो द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना, बुडवला तरी या पट्ट्यातलं शोषण जेमतेम एखाद्या टक्क्याने घटतं. ते संपत नाही, कारण प्रकाशाचा कण कंपनांची जोडी नव्याने निर्माण करू शकतो. आधीची हालचाल लागत नाही.

तापवलं की मात्र आधीच जागी असलेली कंपनं नव्या शोषणाला हातभार लावतात. कोणत्या तापमानाला किती कंपनं जागी असतात हे सांगणाऱ्या सूत्रात आकडे घातले, तर खोलीतल्या तुलनेत ४.६ मायक्रॉनजवळचं शोषण शुक्राच्या तापमानाला साधारण पाव पटीने वाढतं आणि ७३० अंशांना दीडपट होतं. शिवाय जे चांगलं शोषतं, ते तापल्यावर तेवढंच चांगलं उत्सर्जन करतं. त्यामुळे तप्त खिडकी त्या पट्ट्यात स्वतःच अवरक्त किरण सोडते आणि मोजणाऱ्याला ते हिशेबात धरावे लागतात.

७.५ मायक्रॉनच्या पलीकडे अजून एक वाट उघडते. तिथे प्रकाशकणाकडे दोन मोठ्या कंपनांची जोडी घडवण्याइतकी ऊर्जा नसते, पण हिऱ्यात आधीच चालू असलेलं एक कंपन आणि तो कण मिळून अधिक ऊर्जेचं दुसरं कंपन घडवतात. थंडीत ही वाट बंदच असते. कार्बन डायऑक्साइड लेसरचा १०.६ मायक्रॉनचा प्रकाश याच भागातला, पण तापलेल्या हिऱ्यातही हे शोषण क्षीणच राहतं. अवरक्त भिंगांसाठी नेहमी वापरलं जाणारं जर्मेनियम मात्र शंभर अंशांच्या आसपासच काळवंडू लागतं: उष्णतेने त्यात इलेक्ट्रॉन मोकळे होतात, ते प्रकाश शोषतात, त्याने जर्मेनियम आणखी तापतं आणि आणखी इलेक्ट्रॉन सुटतात. हिऱ्यात इलेक्ट्रॉन सुटायला ५.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, जर्मेनियमच्या आठपट. शुक्राची उष्णता त्याला पुरी पडत नाही.